नर्मदाबाईंना बेशुद्ध केलं तो शनिवार

“बेशुद्ध माणसाला खाज सुटली तर त्यानं काय करावं, ते कुणी सांगंना मला,” नर्मदाबाई शालीच्या आतून पुटपुटल्या.

“आई, मराठी नको,” स्वयंपाकघरातून वैभवीचा आवाज आला. सुनेचे कान अलीकडे फार तिखट झाले होते.

“मी कुठं बोलले? बेशुद्ध बाई बरळली म्हून समज.”

दिवाणावर त्यांना कुशीवर निजवलं होतं. अंगावर शाल, उशाला औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या, गळ्यात दोरीनं बांधलेली पुठ्ठ्याची पाटी. पाटीवर त्यांच्या नवऱ्यानं, भगवंतरावांनी, लाल मार्करनं ठसठशीत लिहिलं होतं, ‘कॅज्युअल्टी’. खाली बारीक अक्षरात, ‘हिच्याशी बोलू नये’.

भगवंतराव डोईफोड्यांनी उभी हयात तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीच्या सेफ्टी खात्यात काढली. निवृत्त झाले तरी मॉक ड्रिल अंगातून गेली नव्हती. खोटी गळती, खोटी आग, खोटा जखमी. शिट्टी झाली की ठरल्या जागी जमायचं, डोकी मोजायची, आणि शेवटी गोल करून प्रत्येकानं आपापली चूक सांगायची. कुठलंही संकट आधी खोटं खोटं येऊन गेलं की खरं आल्यावर लाजतं, असं त्यांचं मत होतं. मुलाच्या, सुजितच्या लग्नातसुद्धा आदल्या दिवशी त्यांनी अक्षता टाकण्याची ड्रिल घेतली होती. वैभवीच्या माहेरची माणसं त्यावर अजून बोलतात.

आताचं संकट रविवारी सकाळी येणार होतं, आणि आज शनिवारी त्याची ड्रिल होती. नातीला, दिशाला, ज्या इंग्रजी शाळेत पहिलीला घालायचं होतं, तिथल्या मिस घर बघायला येणार होत्या. दिशानं शाळेत अक्षरं सगळी ओळखली, चित्रांवर बोटं बरोबर ठेवली, पण तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा मोठ्या मॅडम म्हणाल्या होत्या, “आमच्या मिस एकदा घरी येऊन जातील, घरातलं वातावरण बघतील.” घरातलं वातावरण म्हणजे इंग्रजी, हे डोईफोडे कुटुंबानं रिक्षात बसता बसता ठरवून टाकलं.

तसं ते वातावरण दिवाळीपासूनच सुरू होतं. घरात मराठी बंद. नियम वैभवीचा, अंमलबजावणी भगवंतरावांची. आणि इंग्रजी आल्यापासून घर फार शांत झालं होतं. सुजित पूर्वीही कमीच बोलायचा. आता ‘ओके’ आणि ‘नो प्रॉब्लेम’ एवढ्यावर त्याचे दिवस निघत. नवराबायकोत इतक्या दिवसांत एकही भांडण झालं नव्हतं, कारण भांडणाला पुरेल इतकं इंग्रजी दोघांजवळ नव्हतं. खालची घरमालकीण नवसी तिच्या सुनांना सांगायची, वरच्या माळ्यावर बगा, कसा गोडीगुलाबीत संसार चाललाय.

दिशाही गप्प झाली होती. त्याचं कुणी फार मनावर घेतलं नाही. वैभवीनं मोबाइलवर पाहिलं होतं, की नवी भाषा शिकताना मूल काही काळ बोलत नाही, आत साठवतं, आणि एक दिवस सगळं धबाधबा बाहेर येतं. घर त्या धबधब्याची वाट बघत होतं.

राहता राहिल्या नर्मदाबाई. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि मराठी यायची ती बीडकडच्या केजची. चाळीस पावसाळे समुद्राच्या हवेत काढूनही तिच्यावर बुरशी चढली नव्हती. दिशाला पहिल्यांदा बोलता आलं तेव्हा ती त्यांच्यासारखंच ‘मला जायचंय गं माय’ म्हणाली होती. सुजितच्या साहेबांच्या बायकोसमोर म्हणाली होती.

म्हणून ड्रिलमध्ये नर्मदाबाईंना बेशुद्ध केलं होतं, आणि सोमवारच्या गाडीनं त्यांना थोरल्या ज्ञानेशकडे केजला पाठवायचं ठरलं होतं. कारण गुडघे. इथली हवा दमट, तिकडची कोरडी, गुडघ्यांना आराम पडेल. भगवंतरावांचेही गुडघे दुखत, पण त्यांच्या गुडघ्यांना दमट हवा चालत होती. माळ्यावरची बॅग खाली येऊन दिवाणाखाली बसली होती. येता-जाता सगळ्यांचे पाय तिला लागत आणि सगळे ‘सॉरी’ म्हणत.

नर्मदाबाईंनी ऐकून घेतलं होतं. बॅगेत दोन लुगडी भरली, काढली, परत भरली. कारणावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर कुणाला तरी खोटं बोलावं लागलं असतं, आणि घरात आधीच एवढं खोटं इंग्रजी चाललं होतं.

त्यांच्याजवळ एक गोष्ट होती, जी बाकीच्यांना ठाऊक नव्हती. दुपारी घर पांगलं की दिशा शालीत शिरे. शालीच्या आत मराठी चालायची.

*

वैभवी ब्रेडच्या कडा कापत होती. कापलेल्या कडा कुठं लपवाव्यात ते तिला सुचत नव्हतं, कारण सासूबाईंना टाकलेलं अन्न दिसलं की त्या शुद्धीवर येत.

ती अंबाजोगाईची. बीकॉम झाली, सगळं मराठीतून. लग्नानंतर बोईसरला एका ऑफिसात मुलाखतीला गेली होती. समोरच्या बाईनं इंग्रजीत नाव विचारलं, एवढं तिला कळलं. उत्तर दिलं. मग त्या बाईनं स्वतःबद्दल चार वाक्यं सांगायला सांगितलं, आणि वैभवीनं परत एकदा नाव सांगितलं. बस. घरी येताना रिक्षा घराजवळ, सरावलीच्या नाक्यावर थांबली तरी तिला उतरायचं भान नव्हतं. दिशाचं असं होऊ द्यायचं नाही, हे तिनं त्या रिक्षात ठरवलं. दिशा तेव्हा जन्मलीही नव्हती.

म्हणून सिट. वॉश हँड्स. फिनिश युवर भाजी. कम, गो, स्लीप. दिवसभर ती मुलीला एवढं बोलायची आणि तिला वाटायचं, आपण बोलतोय.

परवा लाइट गेले तेव्हा दिशा अंधारात येऊन तिला बिलगली. वैभवीला एकदम सांगावंसं वाटलं, की मीही लहानपणी अशीच घाबरायचे, आणि माझे बाबा काय करायचे माहितीये? माझ्या अंगठ्याला आणि त्यांच्या अंगठ्याला दोरा बांधायचे. भीती वाटली की पाय हलवायचा, तिकडून ओढ यायची. एवढं सगळं तोंडाशी आलं. मग तिनं त्याचं इंग्रजी करायला घेतलं. अंगठ्यापाशी अडलं. हाताच्या अंगठ्याला एक शब्द होता, पायाच्याला दुसराच काही तरी होता. शेवटी ती “गुड नाईट” म्हणाली. थोड्या वेळानं परत एकदा म्हणाली.

“ऑब्झर्व्हर कमिंग ऑर नॉट कमिंग?” हॉलमधून भगवंतरावांनी विचारलं.

“कमिंग,” सुजित म्हणाला. “ललित टोल्ड. वाइफ कमिंग.”

ललित सुजितच्या कंपनीतला. त्याची नवी बायको मेघाली, जवळच्याच पाम गावची, इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. तिला डोईफोड्यांपैकी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि भगवंतरावांच्या मते हे उत्तमच होतं. ड्रिलचा निरीक्षक अनोळखी हवा. मेघालीनं शाळेची मिस बनून यायचं, बेल वाजवायची, सगळं बघायचं आणि शेवटी गुण द्यायचे.

आता जे झालं ते का झालं, ते इथंच सांगून टाकते. गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या प्रवेशाच्या ग्रुपवर एक लांबलचक इंग्रजी मेसेज आला होता. भगवंतरावांनी पहिली ओळ वाचली आणि अंगठा टाकला. सुजितनं बाबांचा अंगठा पाहिला, आणि अंगठा टाकला. वैभवीनं दोघांचे अंगठे पाहून अंगठा आणि जोडलेले हात, दोन्ही टाकले. तिघांनाही वाटलं, बाकीच्या दोघांनी वाचलाय. मेसेजात लिहिलं होतं, की रविवारी मिसना जमत नाही, त्या शनिवारी दुपारी येतील, आणि कृपया खायला काही करू नये.

बेल वाजली.

*

प्रियदर्शिनी मिस अकोल्याकडच्या. बोईसरला येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते, आणि ही त्यांची पहिलीच घरभेट होती. जिना चढताना त्यांनी वाक्य पाठ केलं होतं. दार उघडताच ते त्यांनी म्हणून टाकलं.

“गुड आफ्टरनून. आय ॲम फ्रॉम द स्कूल.”

“व्हेरी गुड,” भगवंतराव खूश झाले. “एकदम असंच. सेम टु सेम टुमॉरो.”

मिसना उद्याचं काही कळलं नाही. तेवढ्यात भगवंतरावांनी त्यांच्या अंगावर चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट चढवलं आणि हातात पॅड दिलं. “ऑब्झर्व्हर मस्ट वेअर. यू स्टँड हिअर. डोन्ट हेल्प एनीबडी. ओन्ली सी.”

मिसनी जाकिटाची चेन लावली. हा भाग कारखान्यांचा. परवाच शेजाऱ्यांकडे त्यांना कोपऱ्यात हेल्मेटं टांगलेली दिसली होती. घरी आलेल्या पाहुण्याला इथं जाकीट देत असतील, जसं त्यांच्याकडे टोपी-टॉवेल देतात, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

“रेडी?” भगवंतरावांनी विचारलं, आणि गॅलरीत जाऊन कंपनीची जुनी शिट्टी जीव खाऊन फुंकली.

सरावलीत भरदुपारी अशी शिट्टी वाजली की तिचा अर्थ एकच. गॅस.

खालच्या मजल्यावर दारं आपटली. बिहारी पोरांच्या खोलीतून “अरे निकलो, निकलो” ऐकू आलं. कुणी तरी पंप चालू करून अंगणात फडकी भिजवायला लागलं. बघता बघता सगळी चाळ बाहेर येऊन, नाकाला ओले रुमाल लावून, आभाळाकडे बघत उभी राहिली. वारा कुठून आहे ते बघायला कुणी तरी माती उडवली.

घरात मात्र इंग्रजी सुरू झालं होतं.

“वेलकम, वेलकम,” वैभवी सँडविचची बशी घेऊन आली. “वी ऑल आर टॉकिंग.”

“येस,” सुजित म्हणाला. “डेली टॉकिंग.”

“मॉर्निंग, इव्हनिंग,” वैभवी म्हणाली.

“नो प्रॉब्लेम,” सुजित म्हणाला.

मग दोघांजवळचं संपलं. पंख्याचा आवाज येऊ लागला.

“हू इज धिस?” मिसनी दिवाणाकडे बघून काळजीनं विचारलं.

“कॅज्युअल्टी,” भगवंतराव आत येत म्हणाले. “नॉट सीरियस. ओन्ली अनकॉन्शस.”

मिसनी पॅड छातीशी धरलं. नर्मदाबाईंनी डोळे गच्च मिटले. बेशुद्ध माणूस इतके गच्च मिटत नाही, हे भगवंतरावांनी सकाळी दोनदा समजावलं होतं.

तेवढ्यात दार ढकलून नवसी आत आली. तोंडावर ओला पदर, एका हातात पायातली काढलेली चप्पल.

“काय झाला भाऊ? गॅस सुटला काय? खाली समदी पब्लिक निंगाली.”

“नो गॅस,” भगवंतराव म्हणाले. “ड्रिल. इंग्लिश ड्रिल.”

नवसीनं पदर नाकावरून खाली घेतला. सगळ्यांकडे बघितलं. दिवाणावरच्या पाटीकडे बघितलं.

“इंग्रजीचा वास नाय येत, त्या बरा हाय,” ती म्हणाली, आणि गॅलरीतून खाली ओरडली, “कोन नाय मेला. शिकतात हे लोक. जावा आपापल्या घरात.” मग चप्पल दाराशी ठेवून ती खुर्चीत बसली. खाली जायला तिची तयारी दिसत नव्हती.

*

सुजितचा फोन वाजला तेव्हा तो असेंब्ली पॉइंटवर, म्हणजे फ्रिजजवळ, उभा होता. पडद्यावर ललितचं नाव होतं.

“अरे सॉरी यार,” ललित म्हणाला. “मेघालीला नाय जमत आज. ती चिंचणीला गेली सकाळीच, मावसबहिणीचा साखरपुडा हाय. उद्या चालंल काय?”

सुजितनं फोन कानाला तसाच ठेवून जाकीट घातलेल्या बाईंकडे बघितलं. बाई पॅडवर काही तरी लिहीत होत्या. त्यांच्या पर्सच्या पट्ट्याला शाळेचं ओळखपत्र लटकत होतं. आत फोटो होता. फोटो त्यांचाच होता.

सुजितच्या आयुष्यात महत्त्वाचं बोलायच्या वेळा फार थोड्या आल्या होत्या. त्या सगळ्या त्यानं टाळल्या होत्या. ज्ञानेशनं केजच्या घराची वाटणी मागितली तेव्हा तो पाणी आणायला उठला होता. आईची बॅग माळ्यावरून त्यानंच काढून दिली होती, ‘ओके’ म्हणून. आता मात्र बोलावंच लागणार होतं, आणि तेही इंग्रजीत, कारण मिस ऐकत होत्या.

“बाबा,” तो हळूच म्हणाला. “शी इज नॉट शी.”

“व्हॉट?”

“शी इज रिअल.”

“गुड,” भगवंतराव म्हणाले. “ऑलवेज थिंक रिअल. दॅट इज ड्रिल.”

“नो, बाबा. रिअल रिअल.”

“हेड काउंट,” भगवंतराव गरजले. ड्रिल चालू असताना त्यांना दुसरं काही ऐकू येत नसे. कंपनीतही हीच तक्रार होती. “मी. सुजित. वैभवी. कॅज्युअल्टी बेडवर. घरमालकीण एक्स्ट्रा. दिशा?”

दिशा स्टडी टेबलापाशी, चित्रांचं पुस्तक उघडून बसलेली असायला हवी होती. पुस्तक उघडं होतं. खुर्ची रिकामी होती.

“दिशा,” वैभवीनं हाक मारली. मग बाथरूममध्ये बघितलं, पलंगाखाली बघितलं. “दिशा, कम. कम हिअर.” गॅलरीत गेली. खाली लोक अजून रेंगाळत होते, रस्त्याकडचं फाटक सताड उघडं होतं. शिट्टी ऐकून पोर घाबरून पळाली असेल, हे तिच्या मनात आलं आणि तिचं इंग्रजी जिथल्या तिथं गळून पडलं. “अहो, दिशा कुठंय? फाटक कुणी उघडं ठेवलंय? दिशे, ए दिशे.”

भगवंतरावांनी परत डोकी मोजली. इतक्या वर्षांत त्यांच्या ड्रिलमध्ये डोकं कधी कमी भरलं नव्हतं. एकदा जास्त भरलं होतं, पण तो चहावाला होता. त्यांनी शिट्टी तोंडाला लावली. फुंकली नाही.

मिस फक्त बघत होत्या, कारण मदत करायची नाही असं त्यांना सांगितलेलं होतं. म्हणूनच त्यांना आधी ऐकू आलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पॅडनं दिवाणाकडे दाखवलं.

सगळे थांबले.

शालीच्या आतून आवाज येत होता. बारीक, घाईघाईचा, न थांबणारा.

“...तर आज्जी, त्या शाळंतल्या मोठ्या मॅडमनं मला वाघाचं चित्र दावलं. मला येतंय वाघाचं इंग्रजी. पण म्या सांगितलंच नाही. एक सांगितलं की पुढलं इचारत्यात. आई बी तसंच करती. सफरचंद सांगितलं की केळ इचारती. म्हून मी गपच बसले. आज्जी, तू बेशुद्ध हाईस का झोपलीस? मी तुझ्या पायाकडून आले, कुणाला दिसले नाही. शेळीचं पुढं सांग की. ती हिरीत पडली, मंग? मंग तिला कुणी काढलं? तुझ्या भावानं का? बोल की. नुसतं हूं म्हण, कुणाला कळत नाही.”

“हूं,” नर्मदाबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

वैभवी दिवाणाजवळ येऊन उभी होती. दिवाळीपासून तिनं मुलीचा सलग आवाज ऐकला नव्हता. तो असा आहे, मध्ये श्वास घ्यायला विसरणारा, हे ती विसरून गेली होती. तिनं हात पुढं केला, शालीपर्यंत नेला आणि तसाच ठेवला. शाल उचलली असती तर आवाज थांबला असता.

“ही पोर बोलते,” नवसी हलक्या आवाजात मिसना म्हणाली. “माज्याशी पन बोलते, अंगनात. लय बोलते. मना वाटला यांना ठाव असंल.”

आत एकदम शांत झालं. शालीचा काठ वर झाला, दिशाचा विस्कटलेला चेहरा बाहेर आला. तिनं एवढे पाय बघितले, मग पायांच्या वरची माणसं बघितली, आणि ओठ मिटून घेतले.

*

“बाबा,” सुजित म्हणाला, आणि या वेळी मराठीत म्हणाला, “ललितची बायको आलेली नाही. या शाळेच्या मिस आहेत. खऱ्या.”

भगवंतरावांनी मिसकडे बघितलं. जाकिटाकडे बघितलं. ते जाकीट त्यांना निवृत्तीच्या दिवशी मिळालं होतं, पाठीवर ‘सुरक्षा प्रथम’ होतं.

“पण तुम्ही उद्या येणार होता,” ते म्हणाले.

“मी ग्रुपवर कळवलं होतं ना,” मिस म्हणाल्या. त्यांचंही इंग्रजी सुटलं, आणि सुटल्यावर त्या जरा सैल उभ्या राहिल्या. “तुमच्या घरातून तीन अंगठे आले. आणि नमस्कारपण.”

तिघं एकमेकांकडे बघू लागले. मग एकमेकांकडे बघायचं टाळू लागले.

“आता जाऊ मी?” मिसनी विचारलं.

“ड्रिल संपलेली नाही,” भगवंतराव म्हणाले. आवाज खाली आला होता, पण पद्धत मोडणं त्यांना जमेना. “शेवटी बसायचं असतं. प्रत्येकानं आपली चूक सांगायची. दुसऱ्याची नाही, आपली. कुणी रागवायचं नाही. एवढं झाल्याशिवाय कुणाला सोडत नाहीत.”

तेव्हा सगळे बसले. दिवाणाभोवती, जमेल तसे. नर्मदाबाई उठून भिंतीला टेकल्या. पाटी गळ्यातच होती. दिशा त्यांच्या कुशीत, बाहेर फक्त डोळे. सँडविचची बशी मध्ये होती. तिला कुणी हात लावत नव्हतं.

“मी सांगतो,” भगवंतराव म्हणाले. “शिट्टी वाजवायच्या आधी चाळीला कळवायला हवं होतं. माझी चूक.”

“मी फोन बंद ठेवायला हवा होता,” सुजित म्हणाला.

“मी फुकटचा पदर भिजवला,” नवसी म्हणाली. “चांगला कोरा पदर.”

“जाकीट घालायच्या आधी मी नीट ओळख द्यायला हवी होती,” मिस म्हणाल्या.

“मी बेशुद्ध असून हूं म्हनले,” नर्मदाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वैभवीला वेळ दिला, आणि तिनं तो वापरला नाही.

मिसनी घसा साफ केला. “मला एकच विचारायचं होतं खरं तर. तेवढ्यासाठीच आले होते. घरात हिच्याशी सगळ्यात जास्त कोण बोलतं? शाळेत तिला कसं बोलतं करायचं, ते मग मला त्यांच्याकडून समजून घेता येईल.”

साधा प्रश्न होता. भगवंतराव पंख्याकडे बघू लागले. “सगळेच बोलतो आम्ही,” ते म्हणाले. “टीम आहे आमची.”

“हो, सगळेच,” सुजित म्हणाला.

“तरी जास्त कोण?”

“तसं सांगता येणार नाही. शिफ्टप्रमाणे असतं,” भगवंतराव म्हणाले.

नवसीचा पाय मागं सरकताना बॅगेला लागला. तिनं वाकून बघितलं. “आजी, कुठं जाता काय?”

“केजला,” भगवंतरावच म्हणाले. “थोरल्याकडे. सोमवारी. गुडघे फार त्रास देतात तिचे. तिकडची हवा कोरडी.”

“मंग येनार कंदी?”

“बघू. गुडघ्यांवर आहे सगळं.”

“तुमच्याकडे सोय आहे ते बरंय,” मिस सौजन्यानं म्हणाल्या. “माझ्या आजीलाही गुडघ्यांचं फार आहे.”

मग गुडघ्यांवर बोलणं सुरू झालं. नवसीनं निरगुडीचा पाला सांगितला. सुजितनं कंपनीतल्या एकाचं ऑपरेशन सांगितलं. भगवंतरावांनी पट्टा कुठला चांगला ते सांगितलं. इतकं मोकळं मराठी बोलणं त्या हॉलमध्ये कित्येक दिवसांत झालं नव्हतं, आणि सगळं गुडघ्यांवर होतं. नर्मदाबाई स्वतःचे गुडघे शालीखाली ओढून घेऊन ऐकत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत. मध्येच दिशानं त्यांच्या कानाला तोंड लावून काही तरी विचारलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, बोलल्या नाहीत. इतक्या माणसांसमोर कुठल्या भाषेत बोलावं, ते त्यांना कळेना.

वैभवीला ते दिसलं.

“माझी चूक राहिली सांगायची,” ती म्हणाली.

“राहू दे गं,” सुजित लगेच म्हणाला. “झालं सगळ्यांचं. मिसना उशीर होतोय.”

“नाही. बाबांनीच सांगितलंय, आपली आपण सांगायची.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मिसकडे बघितलं नाही, नवऱ्याकडे बघितलं नाही. “आई, गुडघ्यांचं काही नाही. तुमचं बोलणं हिच्या तोंडात बसू नये, म्हणून आम्ही तुम्हाला पाठवतोय. मीच म्हणाले, हे दोघं हो म्हणाले.”

भगवंतरावांनी तोंड उघडलं. कुणी रागवायचं नाही, हा नियम त्यांचाच होता. त्यांनी तोंड मिटलं.

“आणि तुम्ही गेलात,” वैभवी म्हणाली, “की हिच्याशी बोलायला या घरात कुणी उरत नाही. आम्हाला इंग्रजी येत नाही, आई. कुणालाच येत नाही.”